नव्या खजिनदारासाठी: राजकीय पक्षाचा हिशोब कसा ठेवायचा, कुठे द्यायचा

पक्षाच्या बैठकीत शेवटचा विषय निघतो पदाधिकाऱ्यांचा. अध्यक्ष आधीच ठरलेले असतात, सरचिटणीसपदासाठी तिघं टपून बसलेले असतात, आणि खजिनदाराचं नाव घ्यायची वेळ आली की सगळे तुमच्याकडे बघतात. "तुम्ही बँकेत होता ना? तुमचंच नाव टाकतो. काही काम नसतं हो." हे ऐकून ज्यांनी मान डोलावली, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

काम असतं, आणि कायद्याने थेट तुमच्यावर टाकलेलं असतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९क मध्ये देणग्यांचा अहवाल तयार करण्याची जबाबदारी 'खजिनदार किंवा पक्षाने अधिकार दिलेली व्यक्ती' अशा शब्दांत दिली आहे. अध्यक्षांचं नाव तिथे नाही. मोठ्या पक्षांकडे सीए आणि वकिलांची फौज असते, त्यांना माझी गरज नाही. इथे मी डोळ्यांसमोर ठेवला आहे तो महाराष्ट्रात मुख्यालय असलेला, नोंदणी झालेला पण मान्यता न मिळालेला छोटा पक्ष. ज्याचं कार्यालय कुणाच्या तरी दुकानाच्या माळ्यावर असतं, असा.

पहिल्या आठवड्यात काय मागून घ्यायचं

आधीच्या खजिनदाराकडे चहाला जा आणि येताना या गोष्टी घेऊन या: निवडणूक आयोगाचं नोंदणीपत्र, पक्षाचं पॅन कार्ड, बँक खात्यांची यादी, वापरलेल्या आणि कोऱ्या अशा सगळ्या पावती-पुस्तकांची नोंद, आणि मागच्या तीन वर्षांत जे जे दाखल केलं त्याच्या पोचपावत्या.

तीन वर्षांचा आग्रह उगाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. त्यांचा दोष होता सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवण्याचा. पण त्याच वेळी आयोगाने ३५९ पक्षांची दुसरी यादी काढली. हे पक्ष निवडणुका लढत होते, मात्र २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब त्यांनी दिलेले नव्हते. तुमचा पक्ष अशा कुठल्या यादीत आहे का, हे पदभार घेतानाच कळलेलं बरं.

पोचपावत्या मिळाल्या नाहीत तर "दिलं असेल" असं समजू नका. आयोगाच्या आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळांवर पक्षांचे देणगी अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल टाकलेले असतात. तिथे आपल्या पक्षाचं नाव शोधा. नसेल तर ते दिलेलं नाही असंच धरून कामाला लागा.

पावती फाडताना

सगळा खेळ इथे आहे. ऑक्टोबरात सीएसमोर बसल्यावर जे रडगाणं सुरू होतं, त्याचं मूळ एप्रिल-मे महिन्यात कुठल्यातरी तालुक्यात घाईने फाडलेल्या पावतीत असतं.

आयकर कायद्याचं कलम १३अ राजकीय पक्षाला देणग्या, व्याज, भाडं आणि भांडवली नफ्यावर करमाफी देतं. (दुकान काढून व्यवसाय केलात तर तो नफा माफ नाही.) माफीला अटी आहेत आणि त्यातली रोजच्या कामात सर्वांत जास्त आडवी येणारी अट ही: २,००० रुपयांच्या वरची कोणतीही देणगी रोख घ्यायची नाही. ती अकाउंट पेयी धनादेशाने, ड्राफ्टने किंवा बँकेमार्फत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने यायला हवी. यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस चालतं. ही मर्यादा २०१७ च्या वित्त कायद्याने आली.

आता आपल्याकडची देण्याची रीत आठवा. आपण कधी गोल आकडा देतो का? ५०१, १,००१, २,००१, २,५०१. शकुनाचा तो एक रुपया. हजार एक रोख दिले तर काही बिघडत नाही. पण दोन हजार एक रोख घेतले की तुम्ही मर्यादा ओलांडलीत, त्या एका रुपयाने. एका छोट्या पक्षाची पुस्तकं तपासताना माझ्यासमोर एका तालुक्याची अकरा पावत्यांची चवड आली होती. त्यातल्या सात २,००१ च्या, सगळ्या रोख. कार्यकर्ता प्रामाणिक होता, पैसे पैशाला जुळत होते. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझा सल्ला असा की पावती-पुस्तकाच्या प्रत्येक पानावर, रकमेच्या रकान्याखाली ठळक छापूनच घ्या: 'रोख २,००० रुपयांपर्यंतच'. छपाईवाला त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आणि 'मग दोन पावत्या करू, १,००० आणि १,००१' हा तोडगा कुणी सुचवला तर हात जोडा. एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या, लागोपाठ क्रमांकाच्या दोन पावत्या तपासणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतात.

पावतीवर काय हवं? पुस्तक क्रमांक आणि पावती क्रमांक छापील, तारीख, देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, रक्कम अंकी आणि अक्षरी, पैसे कसे आले ते, आणि धनादेश असेल तर त्याचा क्रमांक व बँक. पॅन मागा. छोट्या रकमांना नाव-पत्ता लिहिणं कायद्याने सक्तीचं नसलं तरी लिहा, कारण पुढे वीस हजारांची बेरीज लावायची आहे. 'एक हितचिंतक', 'शुभेच्छुक', 'साहेब' अशी नावं पावतीवर नकोत. स्थळप्रत पुस्तकातच राहिली पाहिजे. पावती रद्द झाली तर दोन्ही प्रती पुस्तकाला टाचून त्यावर 'रद्द' लिहा, फाडून फेकू नका.

पावती-पुस्तकं वाटताना वहीत सही घ्या: कोणतं पुस्तक, कुणाला, कोणत्या तारखेला. निदान तीन महिन्यांतून एकदा ती परत मागवा. जिल्हा आणि तालुका शाखांचा जमाखर्च मुख्यालयाच्या हिशोबात एकत्र करणं हे तुमचं काम आहे, आयोगाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. शाखेने परस्पर खातं उघडलं असेल तर ते खातंही पक्षाचंच धरलं जातं.

वस्तुरूपाने आलेली मदतही टिपा. कुणी सभेला मंडप फुकट दिला, कुणी जीप दिली. तिची बाजारभावाने किंमत लावून नोंद करा.

कुणाकडून घ्यायचं नाही

सरकारी कंपनीकडून नाही. परदेशी स्रोताकडून नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायदाही सांगतो आणि २०१० चा विदेशी अंशदान कायदाही. परदेशातल्या मराठी मंडळींचा प्रश्न हमखास येतो. पुतण्या न्यू जर्सीत आहे, काकांच्या पक्षाला त्याला पाचशे डॉलर द्यायचे आहेत. पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तो भारतीय नागरिक आहे, त्याची देणगी चालते. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर नाही, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असो वा नसो. पासपोर्टच्या पहिल्या पानाची छायाप्रत घेऊन ठेवा.

खाजगी कंपनी देऊ शकते, पण कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८२ च्या अटींवर. कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली हवीत. संचालक मंडळाचा ठराव हवा, त्याची प्रत मागून घ्या. रकमेवर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा ती मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द झाली. जुन्या पुस्तिकांत 'रोख्यांद्वारे' हे शब्द अजून दिसतील, ते वाचून पुढे जा.

याच कलमातली एक बारीक गोष्ट आपल्याकडे फार उपयोगी आहे. पक्षाची स्मरणिका निघते आणि त्यात कंपन्यांच्या जाहिराती येतात. कायदा त्या जाहिरातीच्या पैशाला पक्षाला दिलेली देणगीच मानतो. म्हणजे वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात देणाऱ्या कंपनीचीही देणगीदार म्हणूनच नोंद करायची आहे.

वीस हजारांची यादी: नमुना २४अ

एका आर्थिक वर्षात एखाद्या व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून २०,००० रुपयांहून अधिक आले, तर त्या देणगीदाराचं नाव जाहीर करावं लागतं. हा अहवाल नमुना २४अ मध्ये भरायचा. त्यात पक्षाचा पत्ता, नोंदणीची तारीख, पॅन आणि आयकर कार्यालयाचा तपशील वर येतो. खाली प्रत्येक देणगीदाराचं नाव, पूर्ण पत्ता, पॅन, रक्कम आणि पैसे कसे आले ते. शेवटी तुमची सही.

इथे मोठमोठ्या पक्षांतही वाद होतो तो 'वीस हजार' एका वेळचे की वर्षभराचे याचा. कायद्याचे शब्द 'त्या आर्थिक वर्षात' असे आहेत. माझं मत सरळ आहे: बेरीज करा. एकाच डॉक्टरांनी जूनमध्ये १५,००० आणि जानेवारीत १०,००० दिले असतील तर त्यांचं नाव यादीत घाला. बहुजन समाज पक्ष वर्षानुवर्षं 'वीस हजारांवरची एकही देणगी नाही' असं कळवत आला आहे. पण त्या वाटेने जायचं तर प्रत्येक लहान पावती तितकीच चोख लागते, आणि छोट्या पक्षांचं घोडं तिथेच पेंड खातं. यादी कोरी असेल तरी 'निरंक' अहवाल पाठवाच. न पाठवलेला अहवाल आणि निरंक अहवाल यांत फरक असतो.

देणगीदाराला हे आधी सांगा. "तुमचं नाव आयोगाच्या संकेतस्थळावर दिसेल" हे पैसे घेण्यापूर्वी सांगितलं तर काहीजण हात आखडता घेतात, घेऊ दे. नंतर कळलं तर ते अध्यक्षांना फोन करतात आणि मग अध्यक्ष तुम्हाला.

मान्यताप्राप्त पक्ष हा अहवाल दिल्लीला भारत निवडणूक आयोगाकडे देतात. अमान्यताप्राप्त पक्षांनी तो आपल्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा, म्हणजे आपल्यासाठी मुंबईला, मुख्यालय गोव्यात असेल तर पणजीला. जुलै २०२३ पासून आयोगाचं ऑनलाइन पोर्टलही आहे. तिथे भरलंत तरी पोच छापून फाइलला लावा.

अहवाल दिला नाही तर काय? दंड नाही, तुरुंग नाही. शिक्षा एकच, त्या वर्षाची करमाफी जाते. कायद्याला दात एवढा एकच आहे, पण लागला तर खोल लागतो.

लेखापरीक्षण, विवरणपत्र आणि ३१ ऑक्टोबर

३१ मार्चला पुस्तकं बंद. एप्रिलमध्ये बँकेचा ताळमेळ. सगळ्या शाखांची पुस्तकं मे महिन्याअखेर मागवा म्हणजे ती जुलैपर्यंत येतील. सीएला ऑगस्टमध्ये द्या. राजकीय पक्षांचे हिशोब कसे मांडावेत यावर सनदी लेखापालांच्या संस्थेची मार्गदर्शक टिप्पणी आहे आणि आयोग ती पाळायला सांगतो. तुमच्या सीएने आजवर फक्त दुकानांचे हिशोब केले असतील तर ती त्यांच्या हातात ठेवा.

३१ ऑक्टोबरपर्यंत तीन गोष्टी गेल्या पाहिजेत: लेखापरीक्षित वार्षिक हिशोब, नमुना २४अ, आणि आयकर विवरणपत्र. यात देणगी अहवाल विवरणपत्राच्या मुदतीच्या आत हवा. सह्यांचा घोळ टाळा: देणगी अहवालावर खजिनदाराची सही, विवरणपत्र आयटीआर-७ वर मात्र पक्षाच्या मुख्य कार्यकारी पदाधिकाऱ्याची, बहुधा सरचिटणीसांची. सरचिटणीस दिवाळीत गावी जातात आणि त्यांच्याशिवाय पडताळणी अडते, हे लक्षात ठेवून त्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाठा. दिवाळी बऱ्याचदा याच महिन्यात येते.

उशीर किती महागात पडतो याचं उदाहरण देशातल्या सर्वांत जुन्या पक्षाचंच आहे. २०१७-१८ या वर्षाचं विवरणपत्र भरायची मुदत वाढून ३१ डिसेंबर २०१८ झाली होती. काँग्रेसने ते भरलं २ फेब्रुवारी २०१९ ला. तपासणीत १४ लाख ४९ हजारांच्या रोख देणग्याही निघाल्या, त्यातल्या कित्येक २,००० च्या मर्यादेबाहेरच्या. पक्षाने १९९ कोटी १५ लाखांच्या उत्पन्नावर माफी मागितली होती. जुलै २०२५ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने पक्षाचं अपील फेटाळलं. उशिरा भरलेलं विवरणपत्र एरवी चालतं, कलम १३अ च्या माफीसाठी चालत नाही, असा त्याचा अर्थ. महिनाभराचा उशीर.

कलमांच्या क्रमांकांबद्दल एक सूचना. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि राजकीय पक्षांच्या करमाफीच्या अटी त्यात आठव्या अनुसूचीत आहेत. मी इथे १९६१ च्या कायद्यातले जुने, लोकांच्या तोंडी बसलेले क्रमांक वापरले. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांचे हिशोब जुन्याच कायद्याने जातात.

खर्चाची बाजू

पक्षाने एका व्यक्तीला किंवा कंपनीला एका दिवसात २०,००० रुपयांहून अधिक रोख द्यायचे नाहीत. पगार वगैरेंचे मोजके अपवाद आहेत. मंडपवाला, साउंडवाला, फ्लेक्सवाला यांना बँकेतूनच पैसे द्या आणि बिल पक्षाच्या नावाचं घ्या, जिल्हाध्यक्षांच्या नावाचं नको.

निवडणूक आली की पक्षाचा खर्च आणि उमेदवाराचा खर्च या दोन वह्या वेगळ्या होतात. पक्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही, उमेदवाराच्या खर्चाला आहे: महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, गोव्यात अनुक्रमे २८ आणि ७५ लाख. पक्षाने उमेदवाराला मदत द्यायची तर ती धनादेशाने किंवा खात्यावर, रोख नाही, आणि या मर्यादेच्या आतच. उमेदवाराला स्वतःला तर रोख खर्चाची मोकळीक आणखी कमी, एका माणसाला सगळ्या निवडणुकीत मिळून १०,०००.

स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च पक्षाच्या वहीत जातो. अमान्यताप्राप्त पक्षाला असे २० प्रचारक देता येतात, आणि यादी अधिसूचनेपासून सात दिवसांत पोचली पाहिजे. पण त्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला किंवा त्याचा फोटो पाठीमागच्या फ्लेक्सवर आला, की सभेचा खर्च त्याच्या नावावर चढतो. त्यामुळे प्रत्येक सभेचा एक फोटो हिशोबाच्या फाइलला लावायची सवय ठेवा. नंतरचे वाद त्या एका फोटोने मिटतात.

उमेदवार आपला हिशोब निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना देतो. पक्षाने आपलं खर्चाचं विवरण विधानसभेनंतर ७५ दिवसांत, लोकसभेनंतर ९० दिवसांत द्यायचं. हरलेल्या पक्षाला त्या काळात कार्यालयाचं कुलूप उघडायचाही उत्साह नसतो. तुम्ही उघडा.

दोन आयोग, दोन फाइली

ग्रामपंचायत ते महानगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो वेगळा, भारत निवडणूक आयोग वेगळा. राज्य आयोगाकडे पक्षाची नोंदणी वेगळी होते आणि तोही आयकर विवरणपत्राच्या व लेखापरीक्षित हिशोबाच्या प्रती मागतो. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने याच कागदांसाठी १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली होती. दिल्लीला दिलं म्हणजे इथे पोचलं, असं होत नाही. प्रत्येक कागदाच्या दोन जादा प्रती काढा.

आणि तो माणूस

जानेवारी-फेब्रुवारीत, कर वाचवायच्या हंगामात, एक गृहस्थ येतील. बोलणं गोड. ते म्हणतील, "आमच्या ओळखीचे काही नोकरदार आहेत, ते तुमच्या पक्षाला धनादेशाने देणगी देतील. तुम्ही तुमचे काही टक्के ठेवा, बाकी रोख परत करा." देणगीदाराला कलम ८०जीजीसी खाली वजावट मिळते, त्याचा हा धंदा आहे. कागदावर सगळं स्वच्छ दिसतं, धनादेश, पावती, पॅन. सप्टेंबर २०२२ मध्ये आयकर विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशाच छोट्या पक्षांवर छापे घातले आणि जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर पुन्हा मोहीम काढली. धनादेश आला तेव्हाची सही तुमची असते आणि रोख परत गेली ती खात्यातून 'प्रचारखर्च' म्हणून काढलेली, त्या धनादेशावरची सहीही तुमचीच. चहा पाजा आणि वाटेला लावा. अध्यक्षांनी आग्रह केला तर नकार लेखी द्या आणि त्याची प्रत घरी ठेवा.

पद सोडताना पावती-पुस्तकं, धनादेश-पुस्तकं, पोचपावत्या आणि पोर्टलचे पासवर्ड यांची यादी करा, नव्या खजिनदाराची त्यावर सही घ्या आणि बँकेला सही बदलाचं पत्र त्याच दिवशी द्या. नव्या माणसाला पहिल्या चहाला काय मागायचं ते सांगायची गरज पडणार नाही, यादी त्याच्या हातातच असेल.